आलेखाची मूठ कोणाच्या हाती?



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलावे अशी चालकांची अपेक्षा होती. मी त्यांना म्हटले, चळवळीवर मी गेली तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकाबाहेर बोलतच आलो आहे. येथे मला वेगळ्या गोष्टीवर बोलू द्या. ती गोष्ट म्हणजे संकेतस्थळावर दिसणारा आलेख. त्यातही बोट लावले की आकडा सांगणारा, पट्टी सरकवली की बदलणारा, म्हणजे पाहणाऱ्याला हाताळता येणारा आलेख. चालक क्षणभर घुटमळले. कामगारांच्या पुढाऱ्याचा आणि आलेखाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो पगाराच्या पाकिटाइतका जवळचा आहे. तो कसा, एवढेच आज सांगणार आहे.

प्रथम एक कबुली. मी नववीत शाळा सोडली आणि हेल्पर म्हणून कारखान्यात लागलो. पुढचे शिक्षण वाचनालयात, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत आणि माझ्या निम्म्या वयाच्या मुलामुलींना प्रश्न विचारून झाले. तेव्हा जाणकारांना माझ्या बोलण्यात काही ओबडधोबड वाटले तर त्यांनी सांभाळून घ्यावे.

भिंतीवरचे चित्र

२०२५ सालच्या आरंभीची गोष्ट. एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालू होती. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्या खोल्या सगळीकडे सारख्याच असतात. मालकांच्या बाजूने एका तरुण अधिकाऱ्याने भिंतीवर एक चित्र उमटवले. त्यात चार स्तंभ होते. पहिले दोन जवळजवळ सारखे, पुढचे दोन उतरते. वर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘महागाई सतत उतरत आहे.’

आमच्या बाजूला पाच माणसे बसली होती. घरी तूरडाळ काय भावाने येते हे पाचहीजणांना पाठ होते. तरी पाचहीजण गप्प झाले. मीही गप्प झालो. बोलणाऱ्या माणसाला उलट प्रश्न विचारता येतो. भिंतीवरच्या चित्राला काय विचारणार? त्या दिवशी आम्ही पुढची तारीख घेऊन उठलो. उठताना मी फोनमध्ये त्या चित्राचा फोटो तेवढा काढून घेतला.

आमच्या एका सभासदाची मुलगी संगणकाचे काम करते. संध्याकाळी तिला तो फोटो दाखवला. ती म्हणाली, “काका, हे नुसते चित्र आहे. चित्राशी भांडता येत नाही. याच्या मागचे आकडे आणा.”

आकडे गुप्त नव्हते. केंद्र सरकारचे श्रम ब्यूरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक प्रसिद्ध करते. देशातील ८८ औद्योगिक केंद्रांतल्या ३१७ बाजारांतून भाव गोळा करून तो काढलेला असतो. २०१६ सालच्या सरासरी भावांना १०० धरले तर नंतरचे भाव किती, हे तो सांगतो. अनेक करारांत महागाई भत्ता याच निर्देशांकाला बांधलेला असतो, पॉइंटमागे इतके पैसे असा. तेव्हा हा आकडा आमच्या सभासदाच्या घरात थेट चुलीपर्यंत पोचतो.

आम्ही दर डिसेंबरचा आकडा घेतला. २०२० मध्ये ११८.८, २०२१ मध्ये १२५.४, २०२२ मध्ये १३२.३, २०२३ मध्ये १३८.८ आणि २०२४ मध्ये १४३.७. एकूण पाच आकडे. त्या मुलीने माझ्यापुढे या पाच आकड्यांची तीन चित्रे काढली.

पहिल्या चित्रात उभी मोजपट्टी शून्यापासून दीडशेपर्यंत होती. रेघ सावकाश चढत गेली, घाट लागण्यापूर्वी रस्ता चढतो तशी. दुसऱ्यात मोजपट्टी ११५ पासून १४५ पर्यंतच ठेवली. तीच रेघ आता कड्यासारखी उभी राहिली. तिसऱ्यात तिने निर्देशांक काढलाच नाही. दरवर्षी तो शेकडा किती वाढला ते काढले. ५.६, ५.५, ४.९, ३.५. आणि पाहतो तो काय, मालकांच्या भिंतीवरचा उतरता जिना माझ्यासमोर उभा!

तिन्ही चित्रांत एकही आकडा खोटा नव्हता, हे लक्षात घ्या. उतरला होता तो वाढीचा वेग. भाव चढतच होते. साठच्या वेगाने जाणारी मोटार चाळीसने जाऊ लागली म्हणजे ती मागे आली असे होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये ज्या सामानाला १०० रुपये पडत, त्यालाच डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे १२१ रुपये पडू लागले होते. मालकांचे चित्र खरे होते. त्यावरचे वाक्य मात्र त्या चित्रातून निघत नव्हते.

आलेख काढणाऱ्याला तीन निर्णय घ्यावे लागतात. कोणत्या सालापासून सुरुवात करायची, मोजपट्टी कोठून सुरू करायची, आणि मूळ आकडा काढायचा की त्याची वाढ. छापील किंवा भिंतीवरच्या चित्रात हे तिन्ही निर्णय तुम्ही खोलीत येण्यापूर्वीच झालेले असतात. हाताळता येणाऱ्या आलेखात ते, निदान काही अंशी, पाहणाऱ्याच्या हाती येतात. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. बाकीचे त्याचे स्पष्टीकरण.

आलेख आला कोठून

व्यापाराचे आणि खर्चाचे आकडे रेघांनी व स्तंभांनी दाखवण्याची रीत सव्वादोनशे वर्षांहून थोडी अधिक जुनी आहे. तिचा जनक म्हणून विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाचे नाव घेतात. तो प्राध्यापक नव्हता. वाफेच्या इंजिनाला नवे रूप देणाऱ्या जेम्स वॉटच्या हाताखाली तो ड्राफ्ट्समन होता. १७८६ साली त्याने इंग्लंडच्या व्यापाराचा एक ग्रंथ काढला. आयात किती, निर्यात किती, हे त्यात रकान्यांऐवजी रेघांनी दाखवले होते. स्तंभालेखही त्यातच आला. वर्तुळाच्या फोडी करून दाखवण्याची युक्ती त्याने १८०१ साली वापरली.

आमच्या धंद्याच्या दृष्टीने त्याचा १८२१ सालचा आलेख विचार करण्यासारखा आहे. त्यात त्याने सुमारे अडीचशे वर्षांतला गव्हाचा भाव उभ्या स्तंभांनी दाखवला, आणि कुशल कारागिराची आठवड्याची मजुरी त्याच कागदावर एका रेघेने दाखवली. त्याला सिद्ध करायचे होते की मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधी नव्हता इतका स्वस्त झाला आहे. परंतु चित्र पाहणाऱ्याला काय दिसते? उंच उंच स्तंभ गव्हाचे, आणि खाली पायाशी सरपटणारी रेघ मजुरीची. त्याचे म्हणणे पटवून घ्यायला दर साली भावाला मजुरीने भागावे लागते. तो भागाकार कागदावर नाही. तो पाहणाऱ्याने मनात करायचा. आज तोच आलेख पडद्यावर मांडला तर शेजारी एक बटण ठेवता येईल, ‘एका मापाच्या गव्हाला किती आठवड्यांची मजुरी?’ बटण दाबताच भागाकार होईल आणि प्लेफेअर बरोबर होता की नाही ते ज्याचे त्याला कळेल.

दुसरे नाव ऑटो नॉयराथ यांचे. १९२५ साली व्हिएन्ना शहरात त्यांनी समाज आणि अर्थव्यवहार यांचे एक संग्रहालय उभारले. त्यांच्यापुढे प्रेक्षक होता तो साधा नागरिक आणि कामगार. त्यांचा नियम सोपा होता. आकडा मोठा असेल तर चित्र मोठे करायचे नाही, त्याच मापाची चित्रे अधिक संख्येने मांडायची. एक माणूस म्हणजे इतके हजार कामगार, तर दुप्पट कामगारांना दोन माणसे. कारण चित्राची उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, आणि डोळ्याला ते चौपट दिसते. गेर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराने त्यांच्यासाठी अशी शेकडो चिन्हे काढली. १९३४ साली ऑस्ट्रियात लोकशाही मोडली गेली, संग्रहालयाचे काम थांबले आणि नॉयराथ यांना आधी हॉलंडमध्ये व नंतर इंग्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. आकडे लोकांना समजतील अशा रीतीने मांडणे ही गोष्ट वाटते तितकी निरुपद्रवी नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

पडद्यावरचा आलेख अलीकडचा. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. संकेतस्थळाच्या पानाला हालचाल शिकवली ती तिने. २००१ साली रेघा, वर्तुळे, स्तंभ यांचे वर्णन शब्दांत लिहून ते पडद्यावर काढवून घेण्याची एसव्हीजी ही पद्धत प्रमाण म्हणून मान्य झाली. २००६ साली हान्स रोझलिंग या स्वीडिश डॉक्टरांनी एका व्याख्यानात देशोदेशींचे बुडबुडे पडद्यावर सालागणिक सरकवून दाखवले, आणि आकडेवारी पाहायला लोक गर्दी करू शकतात हे जगाला कळले. हे डॉक्टर तरुणपणी काही काळ बंगळूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातही शिकून गेले होते.

आत काय चालते

आता यंत्र उघडून पाहू. संकेतस्थळावरचा आलेख म्हणजे छायाचित्र नव्हे. छायाचित्र तयार होऊन येते. हा आलेख तुमच्या पुढ्यात, तुमच्याच फोनमध्ये काढला जातो. दूरच्या संगणकावरून दोन गोष्टी येतात, आकड्यांचा तक्ता आणि तो कसा काढायचा याच्या सूचना. शिधा आणि कृती पोचती करावी आणि भाकरी आपल्या तव्यावर भाजून घ्यावी, तसे हे आहे. तक्ता अगदी साधा असतो. एका ओळीत महिना, स्वल्पविराम, आकडा. पुढच्या ओळीत पुढचा महिना.

यापुढचे गणित आपण सर्वांनी शाळेत केलेले आहे. ते म्हणजे त्रैराशिक. समजा, आलेखासाठी पडद्यावर तीनशे ठिपक्यांची उंची आहे आणि मोजपट्टी शून्य ते दीडशे आहे. म्हणजे एका पॉइंटला दोन ठिपके. ११८.८ चा बिंदू सुमारे २३८ ठिपक्यांवर आणि १४३.७ चा सुमारे २८७ वर पडेल. दुसरा पहिल्यापेक्षा एकवीस टक्के उंच, म्हणजे वाढ झाली तेवढाच. आता मोजपट्टी ११५ ते १४५ करा. तीस पॉइंटना तीनशे ठिपके, एका पॉइंटला दहा. पहिला बिंदू ३८ वर, शेवटचा २८७ वर. तोच आकडा डोळ्याला साडेसातपट दिसू लागला! भिंतीवरच्या चित्राची सारी जादू या एका त्रैराशिकात आहे.

एक बारकावा सांगतो, कारण आम्ही त्यात फसलो. आपण उंची जमिनीपासून वर मोजतो. संगणकाचा पडदा छतापासून खाली मोजतो. म्हणून आलेला आकडा तीनशेतून वजा करावा लागतो. आमच्या पहिल्या प्रयत्नात ती वजाबाकी राहिली, आणि आलेख शीर्षासन करून उभा राहिला.

आता हाताळण्याचा भाग. तुम्ही पडद्याला बोट लावता. डावीकडून इतके ठिपके, वरून इतके ठिपके येथे स्पर्श झाला, अशी वर्दी फोन त्या सूचनांना देतो. मग उलटे त्रैराशिक होते. आधी महिन्यावरून ठिपका काढला होता, आता ठिपक्यावरून महिना. सर्वांत जवळचा महिना सापडला की तक्त्यातला त्याचा आकडा एका लहान चौकटीत दिसतो. सालांची पट्टी सरकवली की तक्त्यातल्या तेवढ्याच ओळी निवडल्या जातात, त्रैराशिक नव्याने होते आणि रेघ पुन्हा काढली जाते. ‘निर्देशांक’ऐवजी ‘शेकडा वाढ’ हे बटण दाबले की आधी भागाकार, मग त्रैराशिक. हे सारे पापणी लवते न लवते तोच होते, म्हणून चमत्कार वाटतो. पण आत तेच शाळेतले गणित आहे.

चित्र काढण्याच्या दोन पद्धती आहेत. एसव्हीजी पद्धतीत प्रत्येक बिंदू, प्रत्येक स्तंभ सुटा राहतो. परडीत मांडलेल्या फुलांपैकी कोणतेही उचलावे तसे त्याला वेगळे पकडता येते. कॅनव्हास पद्धतीत भिंतीला रंग दिल्यासारखे सगळे एकजीव होते. बोट कोठे पडले याचा हिशेब स्वतः ठेवावा लागतो, परंतु हजारो बिंदू असले तरी काम जलद होते. शेदोनशे आकड्यांच्या आलेखाला पहिली पद्धत सोयीची.

हे सर्व पहिल्यापासून लिहिण्याची गरज नाही. जाणत्या लोकांनी तयार हत्यारे कोणालाही विनामूल्य वापरता येतील अशी खुली ठेवली आहेत. त्यांतले डी-थ्री हे २०११ साली आले, चार्ट-जेएस त्यानंतरचे. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर डी-थ्री म्हणजे लेथ. त्यावर हवा तो आकार काढता येतो, पण हात बसायला दिवस लागतात. चार्ट-जेएस म्हणजे जिग. ठरलेले काम तो झटपट आणि बिनचूक देतो, ठरल्यापलीकडचे काम मागितले की अडतो. आम्ही जिगपासून सुरुवात केली. नवशिक्याने तसेच करावे.

पाहणाऱ्याची परिस्थितीही ध्यानात ठेवावी लागते. आमचे सभासद आलेख पाहतात ते फोनवर, बहुधा बसमध्ये. तेथे माऊसचा बाण नाही; नुसता बाण नेताच आकडा दिसेल अशी व्यवस्था तेथे कामाची नाही. बोटाखाली आकडा झाकला जातो, म्हणून चौकट बोटाच्या वर उमटली पाहिजे. काही माणसांना लाल आणि हिरवा यांत फरक दिसत नाही. त्यांच्यासाठी एक रेघ सलग आणि दुसरी तुटक काढावी. अंध व्यक्तीला आलेख दिसणार नाही, पण खाली साधा तक्ता ठेवला तर तिचा फोन तो वाचून दाखवू शकतो. तोच तक्ता, आलेखावर ज्याचा विश्वास नाही त्यालाही उपयोगी पडतो.

आमची चूक आणि आमचे पाप

महिनाभराने आमच्या संघटनेच्या संकेतस्थळावर निर्देशांकाचा आलेख झळकला. लगेच दोन फोन आले, “भाऊ, महागाई एकदम उतरली का हो?” पाहतो तो रेघ ऑगस्ट २०२० पर्यंत चढत आलेली, आणि सप्टेंबरला दरीत कोसळलेली! कारण असे. ऑगस्ट २०२० पर्यंतचे आकडे २००१ हे आधारवर्ष धरून काढलेले होते; ऑगस्टचा आकडा ३३८ होता. सप्टेंबरपासून आधारवर्ष २०१६ झाले आणि आकडा ११८.१ आला. दोन वेगळ्या गजांनी मोजलेले कापड आम्ही एकाच रकान्यात मांडले होते. असे दोन आधार जोडण्यासाठी सरकार एक गुणक देते. येथे तो २.८८ आहे. ११८.१ ला त्याने गुणले की ३४० येतात आणि रेघ सांधली जाते. ही झाली चूक. अज्ञानाने झाली, कळली, दुरुस्त केली.

पाप वेगळे. दुरुस्त आलेखाला सालांची पट्टी आम्ही दिली, वाढीचे बटणही दिले. उभी मोजपट्टी मात्र मी ११५ वरच ठेवायला सांगितली. कड्यासारखी उभी रेघ मला आवडली होती. सभेत ती चांगली दिसली असती.

आठ दिवसांनी एक निवृत्त टर्नर मला भेटायला आले. मी हेल्पर असताना याच गृहस्थांनी मला मायक्रोमीटर धरायला शिकवले. ते म्हणाले, “तुझा आलेख नातवाच्या फोनवर पाहिला. साले सरकतात, ठीक आहे. पण खालचा आकडा सरकत नाही. शून्य कुठे लपवलेस?” मी काही बोललो नाही. ते पुढे म्हणाले, “मापात खोट असलेले हत्यार आपल्या बाजूने चुकते म्हणून ठेवून घ्यायचे नसते. उद्या तेच हत्यार दुसऱ्याच्या हातात जाते.”

त्याच रात्री मोजपट्टीलाही पट्टी बसवली. आता आलेख शून्यापासून उघडतो. ज्याला जवळून पाहायचे असेल त्याने स्वतः जवळ जावे.

येथे गैरसमज नको. मोजपट्टी शून्यापासून न काढणे ही प्रत्येक वेळी लबाडी नसते. रोग्याच्या तापाचा तक्ता शून्यापासून काढला तर रोगी तापाने फणफणला तरी रेघ सपाटच दिसेल. स्तंभाची लांबीच डोळा मोजतो, म्हणून स्तंभ शून्यापासूनच उभे राहिले पाहिजेत. रेघेला सूट आहे, पण ती सूट घेतल्याचे स्पष्ट दिसले पाहिजे आणि मागे घेण्याची सोय पाहणाऱ्याला असली पाहिजे.

पुढच्या बैठकीत आम्ही आमचा आलेख त्याच भिंतीवर लावला. मी त्या तरुण अधिकाऱ्याला विनंती केली, “आपणच सरकवा. हवे ते साल घ्या, हवे ते बटण दाबा.” त्याने वाढीचा वेग काढला, मग मूळ निर्देशांक काढला, मग पट्टी मागे-पुढे केली. खोलीत कोणी आवाज चढवला नाही. आमच्या सर्व मागण्या मान्य झाल्या असे मी सांगणार नाही. तसे झाले नाही. पण ‘महागाई उतरत आहे’ हे वाक्य त्या बोलण्यांत पुन्हा कोणी उच्चारले नाही, आणि महागाई भत्ता पॉइंटशी बांधलेला राहिला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमचे पाचहीजण त्या दिवशी बोलले.

मुठीच्या पलीकडे

हाताळता येणारा आलेख आला म्हणजे सत्य हाती आले, असे मात्र समजू नका. मूठ तुमच्या हाती असली तरी तक्ता दुसऱ्याने भरलेला असतो. १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी तक्रार केली की शहराचा निर्देशांक खऱ्या महागाईच्या मागे पडतो आहे. महाराष्ट्र सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. निर्देशांकाच्या बांधणीतच दोष असल्याचे समितीने दाखवले आणि तो वर न्यावा लागला. तेव्हा पडदा नव्हता, पट्टी नव्हती. रांगेत उभे राहून सामान घेणाऱ्या माणसांनी ‘हा आकडा कसा काढला?’ एवढा प्रश्न धरून ठेवला होता.

तो प्रश्न आजही आहे. २००१ च्या मालिकेत खाद्यपदार्थांच्या गटाचे वजन शेकडा ४६.२० होते, २०१६ च्या मालिकेत ते ३९.१७ झाले. देशाच्या सरासरीला हे लागू असेल. ज्या घरात पगारातला निम्मा पैसा धान्य, तेल आणि भाजी यांवर जातो, त्या घराची महागाई वेगळी असते. जर्मनीच्या आणि ब्रिटनच्या सरकारी सांख्यिकी कार्यालयांनी आपापल्या संकेतस्थळांवर असे साधन ठेवले की नागरिकाने स्वतःच्या घरखर्चाचे प्रमाण भरावे आणि स्वतःची महागाई पाहावी. आम्ही तसेच एक पान मराठीत करू पाहत आहोत. त्यात आमची गृहिणी सांगेल की सिलिंडरला किती, शाळेला किती, औषधाला किती. आणि रेघ तिच्या घराची निघेल.

श्रोतेहो, तुम्ही सगळेच वेतनकराराला बसणारे नाही. पण नगरपालिकेचा पाणीपुरवठा, पावसाचे मान, शाळांचे निकाल, विजेचे दर, निवडणुकीतली मते, हे सारे यापुढे आलेखांच्या रूपानेच तुमच्यासमोर येणार आहे. तेव्हा पाच प्रश्न पदराला गाठ मारून ठेवा. सुरुवात कोणत्या सालापासून, आणि त्याच सालापासून का? मोजपट्टी शून्यापासून आहे काय? काढले आहे ते मूळ प्रमाण की वाढीचा वेग? मागचा तक्ता उतरवून घेता येतो काय? आणि तो तक्ता भरला कोणी व कसा? ज्या आलेखाला हे प्रश्न विचारता येतात तो तुमचा मित्र आहे. ज्याला विचारता येत नाहीत, त्याला भिंतीवरचे चित्र समजून नमस्कार करावा आणि आकडे मागावेत.

आणि तुमच्यापैकी जो कोणी उद्या एखाद्या संस्थेच्या, ग्रंथालयाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळावर आलेख बसवील, त्याला माझे एवढेच सांगणे आहे. जाते चांगले घडवा, पण खुंटा दळणाऱ्याच्या बाजूला ठेवा.